मधले दिवस कुणाचे?

साहेब,

तुमचं नाव लिहीत नाही. खुर्चीवरची माणसं बदलतात, सही मात्र त्याच जागी होते. ज्या सहीने यंत्र येतं, ज्या सहीने ते अडतं, ज्या सहीअभावी तंत्रज्ञाची रिकामी जागा आणखी एक वर्ष रिकामी राहते, त्या सहीच्या मालकाला हे पत्र आहे.

रुग्णालयाचंही नाव लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांशी माझं भांडण नाही. त्यांनी बाबांच्या गालातली गाठ काढली, जबड्याच्या हाडाचा तुकडा काढला, मानेतल्या गाठी काढल्या आणि छातीवरचं मांस वळवून गालातलं भगदाड बुजवलं. सकाळी आत नेलेला माणूस अंधार पडल्यावर बाहेर आणला, जिवंत आणला. हात जोडावेत असंच ते काम आहे.

माझं भांडण त्यानंतरच्या दिवसांशी आहे. ऑपरेशन झालेलं आहे आणि शेक, म्हणजे रेडिओथेरपी, सुरू व्हायचा आहे, त्या मधल्या दिवसांशी. ते दिवस डॉक्टरांच्या हातात नाहीत, आमच्याही नाहीत. तुमच्या हातात आहेत, म्हणून तुमच्याशी.

तुम्हाला यातलं सगळं माहीत आहे हे धरूनच चालते. तोंडाच्या कर्करोगात ऑपरेशननंतर शेक द्यायचं ठरलं, तर तो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा, हे मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. डॉक्टरांना ते पाठ आहे. वॉर्डातल्या मावशींनाही ठाऊक आहे. उरलीसुरली पेशी थांबून राहत नाही, वाढत राहते, हे आम्हाला त्यांनीच समजावून सांगितलं. मग सुट्टीच्या कार्डावर हा सहा आठवड्यांचा आकडा का नाही? तिथे एकच ओळ आहे: रेडिओथेरपी विभागात दाखवणे. कधी दाखवणे, कुणी बोलावणे, नाही बोलावलं तर कुणाला विचारणे, काही नाही.

पहिल्या तीन-चार आठवड्यांची माझी तक्रार नाही. ते शरीराचे दिवस आहेत. जखम भरायला हवी, टाके सुकायला हवेत. तपासायला पाठवलेल्या मांसाचा रिपोर्ट यायला हवा, त्यावरून शेक किती आणि सोबत केमो द्यायची की नाही हे ठरायला हवं. किडके दात आधीच काढावे लागतात, कारण शेकानंतर काढले तर जबड्याचं हाड सडू शकतं. बाबांचे दात काढले. त्या हिरड्या भरून यायलाही वेळ लागतो. हे सगळं आम्ही समजून घेतलं आणि निमूट केलं. आमच्याकडून जे व्हायचं ते वेळेत झालं, साहेब. पुढे काय झालं?

पुढे झालं ते एवढंच, की एका माणसाने वहीत नाव लिहिलं आणि म्हणाला, "फोन येईल."

त्या दिवसापासून आमच्या घरात फोनचं राज्य आहे. आई तो मोरीतही घेऊन जाते. बाबांच्या नळीतून वरणाचं पाणी सोडताना तो ओट्यावर, डोळ्यांसमोर. अनोळखी नंबर वाजला की तिचा हात थरथरतो, आणि पलीकडून कुणीतरी विचारतं, मॅडम, पर्सनल लोन हवं आहे का? तिने एकदा त्या पोरीलाच विचारलं, शेकाची तारीख तुमच्याकडे आहे का? ती बिचारी गोंधळली असणार.

बाबांना नीट बोलता येत नाही. भाचीची पाटी आहे, तिच्यावर लिहितात. ट्रक चालवणाऱ्याचं अक्षर, मोठं आणि तिरपं. सुरुवातीला पाटीवर पाणी, उशी, पंखा असं असायचं. आता एकच वाक्य असतं. "काऊन नाही बोलावून राहिले?"

मी काय लिहू खाली? तुम्ही सांगा.

रोज सकाळी ते तोंड उघडायचा व्यायाम करतात. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकीवर एक रचून दातांच्या फटीत सरकवायच्या, दुखेपर्यंत, आणि मग आणखी एक. काडी वाढली की दिवस बरा जातो. गालाच्या आतून केस उगवतात, कारण ते मांस छातीचं आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि जिभेला ते केस लागणं वेगळं. त्याच डॉक्टरांनी असंही सांगितलं की शेक सुरू झाला की हे केस गळतील. तेव्हापासून बाबा शेकाची वाट त्या केसांसाठीही पाहतात. माणूस कशाला धरून राहील, सांगता येत नाही.

शेजारपाजारचे येतात आणि म्हणतात, झालं ना ऑपरेशन, निघाली ना गाठ, आता चिंता कायची? त्यांना काय सांगायचं? की हा मधला काळ सगळ्यात वाईट आहे? ऑपरेशनच्या दिवशी निदान कुणीतरी काहीतरी करत होतं. आता कुणीच काही करत नाही, आणि आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. मानेला हात लावून गाठ चाचपायची सवय बाबांना लागली आहे. रात्री उठून चाचपतात. आईला वाटतं मला कळत नाही, मला वाटतं तिला कळत नाही.

तुमच्या शब्दांची आठवण करून देऊ का?

२०१२ साली तुम्ही राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आणली. दीड लाखापर्यंतचा उपचार, खिशातून एक पैसा नाही. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव दिलंत. २०२३ मध्ये जाहीर केलंत की मर्यादा पाच लाखांची आणि कार्ड पिवळं, केशरी की पांढरं हे बघायचं नाही, राज्यातली सगळी कुटुंबं आत. २०२५ मध्ये कर्करोगासाठी त्रिस्तरीय व्यवस्था आणि ‘महाकेअर’ नावाची संस्था मंत्रिमंडळाने मंजूर केली. प्रत्येक वेळी आम्ही पेपरातली बातमी वाचली. बाबांनी एकदा कात्रण कापून गाडीच्या कागदांसोबत ठेवलं होतं, कधी लागलं तर असू दे म्हणून. लागलं.

आणि खोटं बोलणार नाही, ऑपरेशनचा पैसा योजनेतूनच झाला. त्याबद्दल तुमचे उपकार मानते. पण पैशाची हमी देताना वेळेची हमी द्यायला तुम्ही विसरलात की टाळलीत? ऑपरेशनचं पॅकेज वेगळं, शेकाचं पॅकेज वेगळं. एकाची मंजुरी वेगळी, दुसऱ्याची वेगळी. सर्जरीवाले म्हणतात आमचं काम झालं. शेकवाले म्हणतात तुमचा नंबर आला की आमचं काम सुरू. या दोन पॅकेजांच्या मधे जी फट आहे तिच्यात माझा बाप बसलेला आहे, आणि ती फट कुठल्याच तक्त्यात नाही.

मी एका ठिकाणी चौकशी केली. ठिकाणाचं नाव नको. समोरच्याने आवाज जराही न चढवता, अगदी सभ्यपणे सांगितलं: योजनेतून असेल तर नंबर लागेल, रोख असेल तर सोमवारी या. तेच यंत्र, तोच टेबल, तीच पेशी. मग पाच लाख कशाचे दिलेत साहेब? सोमवारचे तर नाही दिलेत.

मी वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या करते. अमरावती रोडची गोदामं तुम्ही पाहिली असतील, निदान गाडीच्या काचेतून. आमच्या धंद्यात गाडी पोचल्यावर ठरल्या वेळेत खाली केली नाही, तर माल घेणाऱ्याला हॉल्टिंग लागतं. दिवसाचं इतकं. बिस्किटांचे खोके असोत की लोखंडी पाइप, उभ्या गाडीचा प्रत्येक दिवस कुणाच्या तरी खात्यात पडतो, आणि म्हणूनच गाड्या खाली होतात. बाबांनी सगळं आयुष्य रायपूर आणि कोलकात्याच्या रस्त्यावर घालवलं, त्यांना हा हिशोब पाठ आहे. आता ते स्वतः उभे आहेत. त्यांच्या उभं राहण्याचं हॉल्टिंग कुणाच्या खात्यात पडतंय?

२०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. सात प्रकारच्या कर्करोगांचा. त्याचा निष्कर्ष असा, की उपचाराला चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण सहा ते तेरा टक्क्यांनी वाढतो. सगळ्या कर्करोगांचं घड्याळ सारखं नसतं, हे मलाही कळतं. आमच्या गल्लीतल्या काकूंचं स्तनाचं ऑपरेशन झालं, त्यांना मधे केमो होती, शेक नंतर होता. त्यांची वाट वेगळी. पण तोंडाच्या कर्करोगाचं घड्याळ कुठलं ते ठरलेलं आहे. आणि तोंडाचा कर्करोग म्हणजे आमचा विदर्भ, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हो, येऊ द्या तो मुद्दा. मला माहीत आहे तुमच्या मनात काय आहे. खर्रा खायला कुणी सांगितलं होतं? वॉर्डात, रांगेत, नातेवाइकांत, सगळीकडे हा प्रश्न आधी येतो आणि पेशंट नंतर. बाबा खर्रा खायचे. रात्रभर गाडी चालवायची तर डोळे उघडे ठेवायला दुसरं काय होतं त्यांच्याकडे? तुम्ही २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातलीत. त्यानंतरही टपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटला जातोच आहे, भर दिवसा, पोलीस चौकीच्या हाकेवर. ती बंदीही एक शब्दच होता ना तुमचा? बाबांनी खर्र्याची किंमत जबड्याने दिली. तुमच्या शब्दाची किंमत कोण देणार?

आता यंत्राचं बोलू.

कोबाल्टच्या जुन्या यंत्रांचं गणित मला एका तंत्रज्ञाने समजावलं. त्यातला किरणांचा स्रोत दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. म्हणजे सुरुवातीला जो शेक दोन मिनिटांत द्यायचा, तो पाच वर्षांनी चार मिनिटांत, दहा वर्षांनी आठ मिनिटांत. स्रोत बदलला नाही तर यंत्र बंद पडत नाही, चालू राहतं, नुसतं सावकाश होतं. आणि यंत्र सावकाश झालं की दिवसभरात कमी लोक टेबलावर चढतात आणि रांग आपोआप लांबते. तोंडाच्या कर्करोगाचा एक माणूस म्हणजे साधारण तीस शेक, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. एक माणूस उतरल्याशिवाय दुसरा चढत नाही. हे सगळं आधीच मोजता येतं. कोणत्या वर्षी स्रोत किती उरेल हे तो बसवला त्याच दिवशी कागदावर मांडता येतं. मग दर वेळी रांग लांबली की तुम्हाला आश्चर्य कसं वाटतं?

नागपूरच्या मेडिकल कॉलेजची गोष्ट सगळ्या शहराला पाठ आहे. स्वतंत्र कर्करोग संस्थेची घोषणा झाली, वर्षं गेली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. लिनिअर एक्सिलरेटर, म्हणजे शेकाचं नवं यंत्र, येणार, येणार म्हणून बातम्या छापून आल्या. २०१७ मध्ये तुम्ही ठरवलंत की सरकारी रुग्णालयांची औषधं आणि यंत्रं हाफकिन महामंडळ खरेदी करेल. खरेदी अडकत गेली. मग २०२३ मध्ये नवा कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदीचं वेगळं प्राधिकरण काढलंत. खरेदी करणाराच दर काही वर्षांनी बदलत असेल तर खरेदी कधी होणार? आमच्या ऑफिसात एखाद्याने गाडी पाठवायच्या ऐवजी दर महिन्याला ऑफिसचा बोर्ड बदलला असता तर मालकाने त्याला दुपारच्या आत घरी बसवलं असतं.

नागपुरात कर्करोगाची रुग्णालयं कमी नाहीत, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. मानेवाडा रोडवर राष्ट्रसंतांच्या नावाचं आहे, ज्यांना स्वतःला १९६८ साली याच रोगाने नेलं. जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. मिहानमध्ये एम्स आहे, २०२२ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी उद्घाटन केलेलं. पण साहेब, या शहरात फक्त नागपूरकर येतात का? गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ इथेच येतात. छिंदवाडा, बैतूल, बालाघाट इथेच. छत्तीसगड इथेच. दहा लाख लोकांमागे निदान एक शेकाचं यंत्र असावं, हा साधा हिशोब. तो नागपूरच्या लोकसंख्येवर मांडाल तर उत्तर बरं येईल. रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या गावांवर मांडून बघा.

एकाने सल्ला दिला, मुंबईला जा, टाटाला. जाऊही. विदर्भ एक्स्प्रेस आहे, कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत सवलत आहे, दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, गेलेले लोक चांगलंच सांगतात. पण नाकात नळी असलेल्या माणसाने दीड-दोन महिने तिथे राहायचं, आईने सोबत राहायचं, मी इथे बिल्ट्या करून पैसे पाठवायचे. आणि तिथे काय रांग नाही? सगळ्या महाराष्ट्राची रांग परळच्या एका फुटपाथवर नेऊन उभी करायची आणि त्याला आरोग्यव्यवस्था म्हणायचं, हे किती वर्षं चालायचं?

मध्यंतरी एकदा बोलावणं आलं होतं. साचा घ्यायला. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी बाबांच्या चेहऱ्यावर ताणून बसवली, काही मिनिटांत ती कडक झाली, नाक, हनुवटी, शिवणीचा व्रण, सगळं जसंच्या तसं. मग त्या साच्यासकट सीटी काढला. शेक घेताना रोज तोच साचा घालायचा, म्हणजे मान तसूभरही हलत नाही आणि किरण जिथे जायचे तिथेच जातात. साच्यावर पट्टी चिकटवून बाबांचं नाव लिहिलं आणि तो फळीवर ठेवला. तिथे अशी खूप तोंडं होती, ओळीने. आम्हाला वाटलं आता आठवड्यात सुरू होईल. घरी येताना आईने सिताबर्डीला उतरून देवळात नारळ फोडला.

पण यंत्रावर जागा नव्हती. साचा फळीवर, बाबा घरी. नळीने खाणाऱ्या माणसाचं वजन किती टिकणार? सूज उतरली, गाल बसला. आता साचा सैल होत असेल तर पुन्हा घ्यावा लागेल, पुन्हा सीटी, पुन्हा सगळी आखणी. म्हणजे उशीर नुसता उशीर राहत नाही, केलेलं कामही वाया घालवतो. हा खर्च कुठल्या पॅकेजात बसतो?

सहा आठवडे उलटून गेले, साहेब. तारखा मी इथे लिहीत बसत नाही, कागद माझ्याकडे आहेत. सर्जननी कार्ड बघितलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मी बोलतो त्यांच्याशी." त्यांच्या तोंडावर जी लाज होती ती तुमच्या तोंडावर असायला हवी होती.

मी काय मागते आहे ते नीट ऐका, कारण मी नवं हॉस्पिटल मागत नाही. भूमिपूजनं पुष्कळ झाली. ऑपरेशनच्या सुट्टीच्या कार्डावरच शेक कोणत्या तारखेच्या आत सुरू व्हायला हवा ते छापा. त्या तारखेला जागा नसेल तर दुसरीकडे जागा शोधून देणं ही योजनेची जबाबदारी असू द्या, नाकात नळी घातलेल्या माणसाच्या पोरीची नाही. शेकाच्या रांगेतली जागा फोनवर कळू द्या; रेल्वेच्या वेटिंगची कळते, ही का कळत नाही? आणि यंत्र बंद पडलं तर तसं सांगा. आम्ही रडू, पण फोन उशाशी घेऊन जागणार नाही.

आणि मोजा. मोजणं तुम्हाला येतं. नागपुरात कर्करोगाची नोंदणी १९८० पासून चालू आहे. कुणाला कुठला कर्करोग झाला, कोणत्या वयात झाला, कोण गेलं, सगळं लिहिलं जातं. मधे थांबलेल्यांची वही मात्र एका टेबलावर पडलेली असते आणि ती फक्त "फोन येईल" म्हणणाऱ्या माणसाला वाचता येते.

१९५३ च्या नागपूर कराराने ठरलं की सरकार वर्षातून काही काळ इथे येईल आणि निदान एक अधिवेशन इथे होईल. तो शब्द तुम्ही बहुतेक वर्षी पाळता. डिसेंबरात येता. तुम्ही यायच्या आधी रविभवनच्या बंगल्यांना रंग लागतो, नळ बदलतात, रस्ते गुळगुळीत होतात, आणि हे सगळं ठरलेल्या तारखेच्या आत होतं. तेव्हा तारखेच्या आत काम करता येत नाही असं मला सांगू नका.

या वर्षी याल तेव्हा सभागृहात एक आकडा ठेवा. ऑपरेशन होऊन शेकाची वाट पाहणारे राज्यात आज किती जण आहेत, आणि त्यांतल्या कितींचे सहा आठवडे उलटून गेले आहेत. आकडा नसेल, तर तो का नाही ते सांगा. लेखी सांगा. पाटीवर उतरवून बाबांना दाखवायचं आहे.

– एका ट्रक ड्रायव्हरची मुलगी,
वाडी, नागपूर